लीजवरची प्रतिष्ठा : अमेरिकी आलिशान मोटार आणि स्वामित्वाचा प्रश्न

वस्तू भोगावी पण तिच्यावर मालकी सांगू नये, हा विचार बहुतेक धर्मपरंपरांनी कोणत्या ना कोणत्या रूपात मांडला आहे. ईशावास्य उपनिषदाने त्यागपूर्वक भोगाची कल्पना पुढे ठेवली, जैनांनी अपरिग्रहाला महाव्रतांत स्थान दिले, आणि सोळाव्या शतकात जिनिव्हा येथे जॉन कॅल्व्हिन याच्या शिकवणुकीतून आकाराला आलेल्या प्रॉटेस्टंट परंपरेने कारभारीपणाची भूमिका घेतली. म्हणजे संपत्तीचा धनी ईश्वर असून माणूस तिचा केवळ कारभारी आहे आणि मुदत संपली की त्याला धन्यापुढे पै-पैचा हिशेब ठेवायचा आहे. याच परंपरेचा खोल ठसा असलेल्या अमेरिकेत आज आलिशान मोटारी चालवणाऱ्यांपैकी एका मोठ्या वर्गाची त्या मोटारींवर मालकीच नसते. मोटार लीजवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाडेकरारावर घेतलेली असते आणि बहुधा तीन वर्षांनी ती परत करायची असते. मालकीविना भोगाचा आदर्श धर्माला साधला नाही तो बाजाराने साधून दाखवला, असे यावरून कोणाला वाटू शकेल. मात्र या व्यवहाराची घडण जवळून पाहिली असता मालकी गेली तरी आसक्ती तिच्याबरोबर गेलेली नाही, गेली आहे ती वस्तूविषयीची जबाबदारी, असे दिसून येते.

हे समजण्यासाठी आधी कॅडिलॅक आणि लिंकन या दोन्ही अमेरिकी आलिशान मोटारींच्या नाममुद्रांच्या मुळाशी असलेल्या हेन्री लेलँड या एकाच माणसाकडे वळावे लागते. लेलँड हा कट्टर प्रेस्बिटेरियन, म्हणजे कॅल्व्हिनच्याच शिकवणुकीतून निघालेल्या पंथाचा अनुयायी होता. त्याने १९०२ साली कॅडिलॅक उभी केली, १९१७ साली तेथून बाहेर पडून लिंकन कंपनी काढली, आणि १८६४ साली ज्याला आपले पहिले मत दिले होते त्या राष्ट्राध्यक्षाचे नाव तिला दिले. ती अडचणीत आल्यावर १९२२ साली फोर्डने ८० लाख डॉलरना विकत घेतली. लेलँडची निष्ठा अचूकतेवर होती. १९०८ साली इंग्लंडमध्ये रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली तीन कॅडिलॅक मोटारी सुट्या करण्यात आल्या, त्यांचे भाग एकमेकांत मिसळले गेले, आणि त्या ढिगातून पुन्हा तीन मोटारी जुळवून त्या ५०० मैल चालवल्या गेल्या. जुळवलेल्या मोटारींचे रंग विजोड होते, तरी तिन्ही चालल्या, आणि या चाचणीबद्दल कॅडिलॅकला ड्युअर ट्रॉफी मिळाली. या घटनेतील श्रेष्ठत्व डोळ्यांना दिसणारे नव्हते, उलट त्या क्षणी मोटारी चक्क हास्यास्पद दिसत होत्या. ते श्रेष्ठत्व होते हजारांश इंचाच्या मापांत, जेथे कारागिराखेरीज कोणाची नजर पोचत नाही.

लेलँड ज्याचा अनुयायी होता त्या कॅल्व्हिनवादात मात्र एक फट आहे. कोण तरणार हे ईश्वराने आधीच ठरवलेले असते, परंतु आपण निवडलेल्यांपैकी आहोत की नाही हे माणसाला कळण्याचा निश्चित मार्ग नसतो. म्हणून तो बाह्य खुणा शोधू लागतो आणि ऐहिक यश ही त्यांतील सर्वांत सोयीची खूण ठरते, असे समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरने १९०४-०५ साली मांडले. धर्मनिष्ठेतून उद्योग व काटकसर वाढते, त्यातून संपत्ती येते आणि संपत्ती पुन्हा धर्मनिष्ठेलाच पोखरते, ही मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याची चिंताही त्याने नोंदवली आहे. कॅडिलॅकचा पुढील इतिहास हा या खुणेचा इतिहास म्हणता येईल. कॅडिलॅकची मालक असलेल्या जनरल मोटर्सचा प्रमुख आल्फ्रेड स्लोन याने हार्ली अर्ल या रचनाकाराला आणले. अर्लच्या हाताखाली १९२७ पासून शैलीसाठी स्वतंत्र विभाग सुरू झाला, आणि १९४८ च्या मॉडेलवर पी-३८ या लढाऊ विमानावरून सुचलेले शेपटाचे पंख आले, ते वाढत वाढत १९५९ साली शिगेला पोचले. या पंखांचा चालण्याशी काडीचाही संबंध नव्हता. दरवर्षी रूप बदलायचे, जेणेकरून गतवर्षीची मोटार नादुरुस्त न होताच जुनी ठरावी, हे त्यामागचे धोरण होते.

येथे दिखाऊपणावर टीका करून मोकळे होणे सोपे आहे, आणि अर्थतज्ज्ञ थॉर्स्टाइन व्हेब्लेनने १८९९ सालीच ‘प्रदर्शनी उपभोग’, म्हणजे इतरांच्या नजरेसाठी केलेला उपभोग, ही संकल्पना देऊन ती सोय करून ठेवली आहे. परंतु व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी सांगितलेली हकिकत या टीकेला अडवते. १९३० च्या दशकात कृष्णवर्णीयांना मोटार न विकण्याचे कॅडिलॅकचे धोरण होते, तरीही त्यांच्यातील सधन लोक एखाद्या गोऱ्या माणसाला पैसे देऊन त्याच्या नावावर ती घेत. हे ध्यानात आल्यावर निकोलस ड्रायस्टाट या अधिकाऱ्याने हे गिऱ्हाईक उघडपणे स्वीकारायला कंपनीला राजी केले. ज्यांना चांगली वस्ती, चांगले हॉटेल, चांगली शाळा पैसे असूनही मिळत नव्हती, त्यांच्या हातातील ही खूण पोकळ गर्वाची नव्हती; समाजाने नाकारलेल्या प्रतिष्ठेवरचा तो दावा होता. तेव्हा खूण मिरवणे हा आपोआप दोष ठरत नाही. ती खूण कोणाविरुद्ध आणि कशासाठी उभी आहे, हे पाहावे लागते.

कामगिरीच्या स्पर्धेतही, म्हणजे इंजिनाची ताकद आणि वेग यांच्या चढाओढीतही, उपयोगापेक्षा खुणेलाच महत्त्व मिळण्याची गोष्ट वेगळ्या वेषात येते. २००८ साली कॅडिलॅक सीटीएस-व्ही या मोटारीने जर्मनीतील न्युर्बुर्गरिंग या शर्यतमार्गाची फेरी आठ मिनिटांच्या आत पूर्ण केली, आणि अलीकडच्या सीटी५-व्ही ब्लॅकविंगचे ६६८ अश्वशक्तीचे इंजिन तिला ताशी २०० मैलांपलीकडे नेते, असा कंपनीचा दावा आहे. अमेरिकेतील सर्वांत मोठी वेगमर्यादा ताशी ८५ मैल, आणि तीही टेक्सासातील एका टोलरस्त्याच्या पट्ट्यापुरती. म्हणजे ग्राहक ज्याची किंमत मोजतो ते सामर्थ्य बव्हंशी कधीच वापरले जाणार नसते.

लीजमध्ये मात्र या खुणेला प्रथमच आकडा मिळतो. मासिक हप्ता मुख्यतः ‘रेसिड्युअल व्हॅल्यू’वर, म्हणजे मुदतीअखेर मोटारीची जी किंमत उरेल असे कराराच्या दिवशीच गृहीत धरले जाते तिच्यावर, अवलंबून असतो. समजा, ६० हजार डॉलरच्या दोन मोटारी आहेत; एकीची तीन वर्षांनंतरची किंमत ५५ टक्के धरली आणि दुसरीची ४५ टक्के, तर पहिलीची घट २७ हजार व दुसरीची ३३ हजार होते, आणि ३६ महिन्यांत वाटली असता दुसरीचा हप्ता सुमारे १६७ डॉलरनी चढतो. त्यावर आकारले जाणारे व्याज ‘मनी फॅक्टर’ नावाच्या दशांश अपूर्णांकात सांगितले जाते, ज्याला २४०० ने गुणल्यावर वार्षिक दर कळतो. ते व्याज म्हणून चटकन ओळखू येऊ नये अशीच ही योजना असावी. परंतु खरा विचारणीय आकडा पहिला, म्हणजे रेसिड्युअल व्हॅल्यूचा आहे, कारण तीन वर्षांनंतर परक्या माणसांना या मोटारीची किती इच्छा असेल, याचा तो अंदाज आहे. माणूस वस्तू इच्छितो ती दुसरा ती इच्छितो म्हणून, हे रने जिरार या फ्रेंच विचारवंताचे प्रतिपादन येथे हप्त्याच्या कोष्टकात उतरलेले दिसते. आणि विसंगती अशी की कंपनीचा शैली विभाग आजचे रूप लवकर जुने व्हावे म्हणून झटत असतो, तर तिचाच वित्त विभाग ते जुने होऊ नये यावर पैज लावून बसलेला असतो. २००८ च्या उन्हाळ्यात पेट्रोल भडकले, मोठ्या गाड्यांची मागणी कोसळली, आणि वित्त विभाग ही पैज हरले. फोर्डच्या वित्तशाखेला लीजवरील मोटारींपोटी २१० कोटी डॉलरचा फटका मान्य करावा लागला आणि क्रायस्लरच्या वित्तशाखेने १ ऑगस्टपासून लीज देणेच थांबवले.

आता कारभारीपणाशी तुलना करता येते. मुदतीअखेर मोटारीची तपासणी होते: वर्षाला १० किंवा १२ हजार मैलांची मर्यादा ओलांडली असल्यास दर मैलामागे दंड, टायरच्या खाचांची खोली, आणि क्रेडिट कार्डाच्या आकाराचा नमुना लावून मोजलेले ओरखडे. हिशेब आहे, धनी आहे, मुदत आहे. कारभाऱ्याची सर्व बाह्य अंगे येथे हजर आहेत. परंतु मत्तयच्या शुभवर्तमानातील दृष्टांतात धन्याने दिलेले धन जमिनीत पुरून जसेच्या तसे परत करणारा सेवक दोषी ठरतो, तर लीजच्या करारात तोच आदर्श ग्राहक आहे. मोटार परत केल्यानंतर तिचे इंजिन आणखी वीस वर्षे चालेल की दोन, याच्याशी त्याला कर्तव्य उरत नाही. लेलँडच्या मापांतील हजारांश इंच ज्या दीर्घ आयुष्यासाठी होते, ते आयुष्य कोणा तिसऱ्याच्या वाट्याला जाते.

धनी कोण, हेही वाटते तितके सरळ नाही. कागदोपत्री मोटार अनेकदा वित्तकंपनीने केवळ मालकीहक्क धारण करण्यासाठी स्थापन केलेल्या न्यासाच्या नावे असते, हप्त्यांच्या येण्यावर रोखे काढून ते गुंतवणूकदारांना विकले जातात, आणि अशा रोख्यांच्या खरेदीदारांत निवृत्तिवेतन निधीही असतात; ते निधी सांभाळणाऱ्यांनी ती मोटार पाहिलेली नसते, आणि ज्यांच्या पैशांतून ती उभी राहिली त्या निधींच्या सभासदांना तिचा पत्ताही नसतो.