घडणावळ

दागिना कोणाचा? घालणारीचा, असं कुणीही सांगेल. ज्यानं पैसे मोजले त्याचा, असं दुकानदार सांगेल. गहाण पडला तर सावकाराचा. पण ज्या हातांनी तो घडवला त्या हातांचा त्याच्यावर काही हक्क उरतो की नाही, हे आपल्याकडे कुणी विचारत नाही. मी ते इथं विचारणार आहे. प्रश्न साधा दिसतो. पण त्याच्या पोटात जात आहे, मजुरी आहे, आणि आपलं स्वतःचं वागणंही आहे.

काही मित्र म्हणतील, भाकरीचा प्रश्न सुटला नाही अन् हा गडी ठुशी-नथीच्या गोष्टी घेऊन बसला. दोस्तहो, दागिना हा आपल्यासाठी नुसता नटण्यामुरडण्याचा विषय कधीच नव्हता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी कसं राहावं त्याची यादी दिलीय. गावाबाहेर राहावं, फुटक्या भांड्यात खावं, प्रेतावरची वस्त्रं नेसावीत, आणि दागिने घालायचे तर लोखंडाचे. म्हणजे ज्यानं कायदा लिहिला त्याला दागिन्याची ताकद नीट ठाऊक होती. अंगावरच्या धातूवरून माणूस ओळखता आला पाहिजे, ही त्याची सोय.

हे फार जुनं झालं म्हणाल, तर 1928 साल घ्या. इंदूरकडच्या गावांतल्या सवर्णांनी बलाई समाजाला हुकूम सोडले, त्यात बलायांच्या बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत हा एक होता. बाबासाहेबांनी 1936 च्या त्यांच्या न झालेल्या भाषणात ही हकीकत नोंदवून ठेवलीय. तिकडं तामिळ मुलखात, रामनाड जिल्ह्यात, 1930 च्या डिसेंबरात कळ्ळर जातीच्या लोकांनी आदिद्रविडांवर मनाया लादल्या, त्यांतही सोन्याचांदीचा दागिना होताच. सोनं विकत घ्यायला पैसा लागतो हे सगळं जग जाणतं. आपल्याकडे पैशाबरोबर परवानगीही लागत होती.

आता दुसरी बाजू बघा. ज्याच्या अंगावर सोनं शोभायचं तो वरचा. मग ते घडवणारा तरी वर असेल? नाही. त्याच मनुस्मृतीत सोनाराचं अन्न खाऊ नये, आयुष्य घटतं, असं लिहिलंय. राज्यातल्या सगळ्या काट्यांत लबाड सोनार हा सर्वांत वाईट काटा, राजानं त्याचे वस्तऱ्यानं तुकडे करावेत, असंही लिहिलंय. आपल्या इकडे पेशवाईच्या काळात सोनारांनी ब्राह्मणांसारखं धोतर नेसणं, ‘नमस्कार’ म्हणणं यावरून वाद पेटला, आणि 1779 साली मुंबईच्या कंपनी सरकारनं सोनारांना ‘नमस्कार’ हा शब्द वापरायची बंदी केली. बघा, शब्दावर बंदी! सोनं तेवढं पवित्र. ते घडवणाऱ्यावर संशय, आणि खालचीनं घातलं तर गुन्हा.

म्हणून सोनार आणि आपण एका पंक्तीला बसलो होतो, असं मात्र मी म्हणत नाही. बलुत्याच्या बऱ्याच याद्यांत सोनार आहे, महारही आहे. पण यादी एक असली म्हणून ओटा एक होत नाही. माझी आजी सांगायची. सोनाराकडं गेलं की खाली उन्हात उभं राहायचं. ‘वाळं तेवढं बघा जी’, म्हणायचं. पैसे पायरीवर ठेवायचे, तो पाणी शिंपडून उचलायचा. दागिना वरून पदरात टाकायचा. ज्या बोटांनी तो बारीक नक्षी काढायचा तीच बोटं तिच्या हाताला लागू नयेत म्हणून जपायचा. कारागिराच्या हाताचं कौतुक करताना मला हे विसरता येत नाही. विसरूही नये. हात कुशल असला म्हणजे माणूस आपोआप न्यायी होत नाही.

डिसेंबर 1927 मध्ये महाडला मनुस्मृती जाळली, त्या परिषदेत बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले. गळाभर गळसऱ्या आणि कोपरापर्यंत कथलाचे, चांदीचे गोठ-पाटल्या ही अस्पृश्यपणाची निशाणी आहे, ती टाका, असं त्यांनी सांगितलं. त्यांचा राग दागिन्यावर नव्हता, निशाणीवर होता. ही हाक आमच्या गावापर्यंत आली तेव्हा आजीनं वाळे मोडीत घातले. सोनारानं काटा लावला, चांदीचं वजन केलं, कसर कापली, पैसे दिले. आजी म्हणायची, ‘घेताना घडनावळ घेतली व्हती त्यानं. मोडताना ती कुटं गेली?’

या म्हातारीच्या प्रश्नात अर्थशास्त्र आहे. घडणावळ म्हणजे घडवण्याची मजुरी. दागिना घेताना ती भरावी लागते. मोडताना ती मिळत नाही. धातूची किंमत राहते, वाढतेही. 2025 साली चांदी किलोला लाखाच्या वर गेली. पण त्या धातूवर कुणी आठ दिवस डोळे फोडले असतील, त्याची किंमत मोडीच्या काट्यावर शून्य. मातीतून निघालेली वस्तू टिकाऊ आणि माणसाच्या देहातून निघालेली मेहनत वाया, असा हा हिशेब आहे. व्यवस्थेनं आपल्या बापजाद्यांच्या राबण्याचा हिशेब याच काट्यावर केला.

आता हल्ली हाताच्या कामाचं कौतुक फार वाढलंय. शहरात प्रदर्शनं भरतात. हातानं घडवलेल्या दागिन्याला वेगळा भाव आलाय. चांगली गोष्ट आहे. पण तिथं एक वाक्य सारखं ऐकू येतं. ‘पिढ्यान्‌पिढ्यांची कला, यांच्या रक्तातच आहे हो!’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. रक्तात काही नसतं. कोल्हापूर जिल्ह्यात, हातकणंगले तालुक्यात हुपरी आहे. चांदीच्या पैंजणांसाठी नावाजलेलं गाव. तिथं घराघरात काम चालतं. एकाकडं चांदी वितळते. दुसऱ्याकडं भोकं पाडलेल्या पोलादी पट्टीतून तार ओढली जाते, दर खेपेला भोक बारीक. कुठं कड्या वळतात, कुठं त्या झाळतात, कुठं घुंगरू बसतात. स्वयंपाक आटोपून बायका कड्या जोडायला बसतात. एकेक कडी. नजर हलली की झाळ चुकते, झाळ चुकली की नग परत. हे रक्तातून येत नाही. हे पाठीच्या कण्यातून आणि डोळ्यांतून येतं, वर्षानुवर्षांच्या सरावानं येतं. रक्तात आहे म्हटलं की शिकण्याचे कष्ट पुसले जातात, आणि ज्याचं रक्त वेगळं त्याला दार बंद होतं. एका वाक्यात दोन अन्याय.

जात ही कामाची वाटणी नाही, काम करणाऱ्या माणसांची वाटणी आहे, हा बाबासाहेबांचा मुद्दा इथं नेमका लागू पडतो. 17 सप्टेंबर 2023 ला केंद्र सरकारनं विश्वकर्मा योजना आणली. अठरा धंदे, त्यात सोनारही. तारणाशिवाय कर्ज, अवजारं, प्रशिक्षण. कारागिराला सावकाराच्या दारात जायला लागू नये, याला कोण नाही म्हणेल? पण 2024 साली तामिळनाडू सरकारनं हरकत घेतली. कुटुंबाचा पारंपरिक धंदा असला पाहिजे ही अट काढा, म्हणाले, आणि आहे त्या रूपात योजना राबवायला नकार दिला. राजकारण बाजूला ठेवा. प्रश्न खरा आहे. मदत हाताला द्यायची की घराण्याला? हाताला दिली तर कला वाढेल. घराण्याला दिली तर जात वाढेल.

मग पैशाकडं येऊ. दुकानात घडणावळ बऱ्याचदा सोन्याच्या भावावर टक्क्यानं लावतात. सोनं चढलं की घडणावळ चढते. पण घडवणाऱ्याची मजुरी त्या टक्क्यानं चढत नाही, ती नगावर किंवा वजनावर ठरलेली. मुंबईच्या झवेरी बाजारात माड्यांवर बंगालमधून आलेली पोरं काम करतात. जिथं बसतात तिथंच रात्री आडवी होतात. 2020 च्या टाळेबंदीत शेगड्या विझल्या तशी ती गावाकडं निघाली, तोवर त्यांची आठवणही कुणाला नव्हती. त्या खोल्यांतला केर मात्र जपून ठेवतात. झारेकरी तो विकत घेतात, धुतात, त्यातून सोन्याचा कण काढतात. कण वाया जाऊ नये याची एवढी दक्षता! माणूस वाया गेला तर?

1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरांचा क्रमांक सक्तीचा झालाय. ग्राहकाची फसवणूक टळावी म्हणून. योग्यच आहे. सोनं किती शुद्ध ते आता दागिना स्वतःच सांगतो. ते घडवलं कुणी, हे मात्र सांगत नाही. धातूला ओळखपत्र मिळालं, हात बिननावाचा राहिला.

आणि काही ठिकाणी हात नुसता बिननावाचा राहत नाही, माणूसच संपतो. गुजरातेत खंबात आहे. अकीकाचे मणी तिथं घडतात. जवळच्या लोथलला हडप्पाच्या काळातली मण्यांची कार्यशाळा खणून काढलीय, इतकी ही परंपरा जुनी. पण दगड घासताना उडणारी पूड फुप्फुसात बसते. सिलिकोसिस. त्यावर खात्रीचा इलाज नाही. गळ्यात माळ घालणारी म्हणते, काय गुळगुळीत मणी! तो गुळगुळीतपणा कुणाच्या तरी श्वासातून आलाय. या परंपरेचं मी कौतुक करू? मण्याचं करीन. पूड ओढून घेणारं यंत्र न बसवणाऱ्या परंपरेचं करणार नाही.

कुणी विचारील, मग यंत्रच का नको? साच्यातून हजार नग एका दिवसात निघतात, स्वस्त पडतात, छातीही शाबूत. मी यंत्राचा वैरी नाही. कुणाला शेगडीपुढं बांधून ठेवणं म्हणजे कलेची सेवा नव्हे. ज्याला सोडायचं त्याला सोडता आलं पाहिजे. पण सोडणं वेगळं आणि हाकलून देणं वेगळं. चीनच्या युद्धानंतर, जानेवारी 1963 मध्ये सरकारनं सुवर्णनियंत्रण आणलं, चौदा कॅरटच्या वर नवा दागिना घडवायचा नाही. गरीब सोनार एका रात्रीत बेकार झाले. कित्येकांनी जीव दिले. पुढं 1968 चा कायदा आला, तो 1990 साली रद्द झाला. सोनं साठवणाऱ्यांचं काय बिघडलं? बिघडलं ते फुंकणीवाल्याचं. म्हणजे मनूच्या राज्यात वस्तरा, आणि स्वतंत्र भारतात उपासमार.

तेव्हा कारागिराचा खरा आदर कशात, तर दोन दारं उघडी असण्यात. ज्याला या कामात यायचं त्याला येण्याचं दार, जातीची चौकशी न करता. ज्याला बाहेर पडायचं त्याला जाण्याचं दार, उपाशी न मरता. ही दोन्ही उघडी असताना जो हात शेगडीपाशी थांबतो तो मोकळा हात. त्यानं घडवलेलं वाळंसुद्धा माणसाचं काम असतं. बाकी सगळं वेठ. नक्षीदार असली तरी वेठ.

असा एक मोकळा हात आमच्या वस्तीत आहे. बौद्धाची पोर. बापजाद्यांत कुणी सोन्याला हात लावला नाही. ती प्रशिक्षणाच्या वर्गात झाळकाम शिकली, आणि घरातल्या एका कोपऱ्यात चांदीची जोडवी, पैंजण, पदकं घडवते. स्वतः घडवते, स्वतः विकते. ‘तुम्ही सोनार का?’ असं परके विचारतात. ती म्हणते, ‘नाही, कारागीर.’ परक्यांचं मला नवल नाही. दुःख आपल्यांचं आहे. मोठ्या काचेच्या दुकानात आपली माणसं छापील बिल मुकाट्यानं भरतात, वर मिळालेल्या पिशवीचं कौतुक करतात. आणि हिच्या दारात येऊन म्हणतात, ‘घरचंच तर काम, मजुरी कसली घेतीस गं?’

घरचं काम! हा शब्द आपण ओळखला पाहिजे. पाटलाच्या वाड्यावर आपल्या आया राबत होत्या तेव्हा पाटीलही हेच म्हणत होता. गावचं काम, मजुरी कसली?

दागिना घ्या अगर घेऊ नका, तो ज्याच्या त्याच्या ऐपतीचा प्रश्न. मंगळसूत्राला नकार द्या, तोही तुमचा हक्क. पण घेणार असाल तर घडवणाऱ्याचं नाव विचारा. धातूचे पैसे वेगळे लावा, हाताचे वेगळे. धातूचा भाव बाजार ठरवील. हाताच्या भावात घासाघीस करू नका, कारण ज्या पायरीवर आपल्या हाताचा भाव शून्य ठरवला गेला ती पायरी आपल्याला ठाऊक आहे.

त्या पोरीची घडणावळ द्या. तिच्या हातात द्या.