उद्योगी हिंसा आणि प्रमाद

नव्या कारखान्यात कामगारांच्या सुरक्षिततेची जबाबदारी मालकावर नेमकी केव्हा येते, हा प्रश्न सहसा कायद्याकडे सोपवला जातो. वस्तुतः तो नीतिशास्त्राचा प्रश्न आहे आणि जैन आचार्यांच्या हिंसाविचारातून त्यावर मोठा प्रकाश पडतो. गृहस्थाच्या हातून घडणाऱ्या हिंसेचे चार प्रकार या परंपरेत मानले जातात : ठरवून केलेली ती संकल्पी, घरकामात घडणारी ती आरंभी, चरितार्थाच्या व्यवसायात घडणारी ती उद्योगी आणि स्वसंरक्षणार्थ करावी लागणारी ती विरोधी. यांपैकी उद्योगी हिंसा गृहस्थाला पूर्णपणे टाळता येत नाही, असे मानले असल्याने, पॉवर प्रेसखाली कामगाराची बोटे गेली तर धंद्यात असे व्हायचेच म्हणून मालकाने ते सोडून द्यावे काय?

उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’तील व्याख्या ही पळवाट बंद करते. तेथे हिंसेचे मूळ प्रमादात, म्हणजे मन, वाणी व शरीर यांच्या बेसावध व्यापारात, शोधले आहे; त्यामुळे जपून वागणाऱ्याकडून नकळत जीव गेला तरी तो हिंसक ठरत नाही आणि बेपर्वा माणूस, कोणालाही इजा झाली नाही तरी, हिंसकच ठरतो. हा विचार कारखान्याला लावला, तर गार्ड नसलेला प्रेस ज्या दिवशी बसवला त्याच दिवशी दोष घडलेला असतो. अपघात तो केवळ उघड करतो.

अशा प्रेसवर कामगार एका हाताने पत्र्याचा तुकडा डायवर सरकवतो आणि पायाने पायडल दाबतो. दुसऱ्या पाळीच्या अखेरीस हात आणि पाय यांचा मेळ क्षणभर चुकला की बोटे जातात. दोन्ही हातांनी दोन बटणे एकाच वेळी दाबल्याशिवाय प्रेस खाली येणार नाही, अशी रचना केली की हात आपोआप डायबाहेर राहतात, आणि थकलेल्या माणसाकडून अखंड सावधपणाची अपेक्षा करावी लागत नाही. म्हणून सुरुवात यंत्राच्या खरेदीपासूनच व्हावी : शक्य तो धोका आधी काढून टाकावा, उरलेल्याला आवर घालावा आणि हातमोजे, हेल्मेट यांकडे सर्वांत शेवटी वळावे.

1948 च्या कारखाना अधिनियमाने विजेवर चालणाऱ्या उद्योगात किमान 10 कामगार असल्यास त्याला कारखाना मानले. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने हा आकडा 20 वर नेला. पाच-सहा माणसांवर सुरू होणारा नवा उद्योग या व्याख्येबाहेर राहतो, पण प्रमादाला अशी किमान संख्या नाही.

कामगार स्वतःच गार्ड काढतात, हा मालकांचा आक्षेप पुष्कळदा खरा असतो. परंतु नगावर मजुरी ठरवून गार्डमुळे मंदावणाऱ्या प्रत्येक क्षणाची किंमत कामगाराच्या खिशातून वसूल करणारा दर मालकानेच लावलेला असतो, आणि तो दर कायम ठेवून मिळवलेली संमती त्याला दोषमुक्त करू शकत नाही.