पाणी किती, धोका किती

गर्भाशयातले पाणी सोनोग्राफीत मोजले जाते असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात मोजली जाते ती त्याची खोली, सेंटिमीटरमध्ये. विहिरीत दोर सोडून पाण्याची खोली कळते, पण विहिरीचा घेर ठाऊक नसेल तर पाणी किती हे सांगता येत नाही. गर्भजलाचे खरे आकारमान काढायचे तर सुईने रंगद्रव्य सोडून ते किती पातळ झाले हे तपासावे लागते, आणि ते रोजच्या तपासणीत करता येत नाही. म्हणून खोलीवरून अंदाज बांधायचा मार्ग निघाला.

गरोदरपणाच्या उत्तरार्धात हे पाणी मुख्यतः बाळाच्या लघवीचे असते. बाळ ते गिळते आणि पुन्हा बाहेर टाकते. वारेतून रक्तपुरवठा कमी पडू लागला की बाळाचे शरीर मेंदू आणि हृदय सांभाळते, मूत्रपिंडांकडे रक्त कमी जाते आणि पाणी घटते. म्हणजे घटलेले पाणी हा आजार नव्हे, बाळाच्या हालअपेष्टेची ती एक खूण आहे. मात्र दिवस भरत आले की निरोगी गरोदरपणातही पाणी काहीसे उतरतेच. पूर्वी सुईण किंवा नर्स हातानेच अंदाज घेई: महिन्यांच्या मानाने पोट लहान, आणि बाळाचे अवयव हाताला अगदी लगेच लागणारे.

इयान डोनाल्ड यांनी १९५८ साली ग्लासगोहून पोटाच्या ध्वनिचित्रणावरचा निबंध प्रसिद्ध केला. पाण्याला धोक्याची खूण म्हणून आकडा मिळाला तो त्यानंतर दोन दशकांनी. फ्रँक मॅनिंग आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये बाळाच्या पाच गोष्टी एकत्र तपासण्याची पद्धत मांडली. हृदयाचे ठोके, श्वासाच्या हालचाली, अंगाची हालचाल, स्नायूंचा ताठरपणा आणि पाणी. पाण्याचा सर्वांत खोल कप्पा एक सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर धोका, असा सुरुवातीचा निकष होता. तो फार कडक ठरला. १९८४ साली चेंबरलेन, मॅनिंग आदींनी साडेसात हजारांवर जोखमीच्या गरोदर स्त्रियांच्या नोंदी मांडल्या. कप्पा अगदी उथळ असलेल्या गटात बालमृत्यू कितीतरी पटींनी जास्त होते. पुढे दोन ते आठ सेंटिमीटर ही सर्वसाधारण मर्यादा रूढ झाली.

१९८७ मध्ये जेफ्री फेलान आणि सहकाऱ्यांनी बेंबीच्या आडव्या आणि उभ्या रेषेने पोटाचे चार भाग करून प्रत्येकातला खोल कप्पा मोजायचा आणि चारही आकड्यांची बेरीज करायची पद्धत दिली. हाच आज रिपोर्टवर दिसणारा ‘एएफआय’, म्हणजे गर्भजलाचा निर्देशांक. पाचच्या खाली कमी पाणी. एकच सुटसुटीत आकडा, मागच्या रिपोर्टशी ताडून बघता येणारा. तो जगभर झपाट्याने पसरला यात नवल नाही.

गोची बेरजेतच होती. समजा चार कप्पे १.२, १.५, ० आणि २.१ सेंटिमीटर भरले. बेरीज ४.८, म्हणजे पाणी कमी. पण सर्वांत खोल कप्पा २.१, म्हणजे पाणी पुरेसे. बाई तीच, बाळ तेच, निदाने दोन. प्रोब जरा जास्त दाबला तरी खोली घटते. २००८ च्या कॉक्रेन आढाव्यात आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन चाचणीत दोन्ही पद्धती समोरासमोर ठेवल्या गेल्या. एएफआयने ‘पाणी कमी’ हे निदान आणि कळा आणण्याचे प्रमाण वाढले. बाळांची प्रकृती मात्र त्यामुळे सुधारली नाही. तेव्हापासून एकाच खोल कप्प्याच्या मापाकडे तज्ज्ञांचा कल आहे, आणि तो रास्त आहे. पाणी कमी म्हणून सिझर, हे वाक्य घराघरांत ऐकू येते. त्यातल्या काहींच्या मागे ही बेरीजच असणार.

एरंडोलसारख्या तालुक्याच्या गावी याला आणखी एक बाजू आहे. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. कासोद्याहून एसटीने, रणरणत्या उन्हात, पाणी न पिता आलेल्या बाईचा आकडा खाली येऊ शकतो. आईने दोन लिटर पाणी प्यायल्यावर एएफआय वाढतो हे १९९१ मध्येच दाखवले गेले आहे. ठोके, वाढ आणि डॉप्लर (रक्तप्रवाहाची तपासणी) ठीक असेल आणि पाणी गळत नसेल, तर आधी पाणी पाजून, विसावा देऊन पुन्हा मोजणे हेच शहाणपणाचे. पुन्हा मोजण्यासाठी सोनोग्राफीचे यंत्र मात्र सहज फिरवावे असे नाही; त्याला कायद्याची चौकट आहे. गर्भलिंग निदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, आणि आता प्रत्येक गरोदर स्त्रीच्या सोनोग्राफीचे कारण ‘फॉर्म एफ’मध्ये नोंदवावे लागते. गर्भजल तपासणे हे त्यातले मान्य कारण आहे.

खोल कप्पा दोनच्या आत असेल, बाळाची वाढ खुंटली असेल किंवा डॉप्लर बिघडला असेल, तर थांबू नये. आणि रिपोर्ट कितीही चांगला असो, बाळाची हालचाल कमी वाटली किंवा पाणी सुटल्यासारखे वाटले, तर बाईने त्याच दिवशी दवाखाना गाठावा.