नाव सांगितले की गुण जातो

दिवाळीच्या पहाटे आपण अंगाला उटणे लावतो. त्यात काय काय असते असे विचारले, तर घरातले कोणीही सांगेल : नागरमोथा, कचोरा, वाळा, आंबेहळद आणि आणखी चारदोन सुवासिक जिन्नस. एखादा जिन्नस घराघरांत कमीजास्त असेल. पण लपवालपवी कुठे नाही. त्याच घरातल्या कोणाचे डोळे मात्र पिवळे दिसू लागले, की निराळाच व्यवहार सुरू होतो. अमक्या गावी काविळीचे औषध मिळते, असे कोणीतरी कानाशी येऊन सांगते. ठरावीक वारी, अनशापोटी तिथे जायचे. औषध देणारा आत जाऊन काहीतरी वाटून आणतो, दुधातून नाहीतर ताकातून पाजतो, तेलतिखट वर्ज्य करायला सांगतो. काय दिलेत, असे विचारले तर हसून म्हणतो, "नाव सांगितलं की गुण जातोय बघा, गुरुजी."

महाबळेश्वरच्या घाटमाथ्यापासून जतच्या माळापर्यंत कुठेही जा, हे वाक्य ऐकायला मिळते. शिकलेली माणसे त्याला हसतात. मला हसू येत नाही, कारण या वाक्याला एक जुळे भावंड आहे : "पैसे घेतले की गुण जातो." ही दोन वाक्ये जुन्या काळी एकत्र नांदत होती, आणि ती एकत्र असतानाच त्यांचा अर्थ लागत होता. पैसा घ्यायचा नाही, म्हणजे त्या माणसाच्या पदरी मान तेवढा पडायचा. रात्रीअपरात्री रानात जाऊन मुळी खणून आणायची, ती उगाळायची आणि वर नारळसुपारीखेरीज काही घ्यायचे नाही. मग निदान ती मुळी कोणती एवढे तरी आपल्यापाशी राहावे, असे त्याला वाटले तर त्यात गैर काय? आज यातले दुसरे वाक्य पुष्कळ ठिकाणी गळून पडले आहे आणि पहिले तेवढे शिल्लक आहे. पैसेही घ्यायचे आणि नावही सांगायचे नाही, याला वैद्यकी म्हणायचे की दुकानदारी?

या प्रश्नाने माझ्या डोक्यात घर केले ते, सांगायला थोडा संकोच वाटतो, मांजरांमुळे. माझ्या वर्गातल्या एका मुलीने मला एक इंग्रजी कथामाला वाचायला दिली. एरिन हंटर या एकाच टोपणनावाखाली अनेक जणींनी मिळून लिहिलेली ही माला २००३ सालापासून निघत आहे. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. शब्दकोश उशाशी ठेवून वाचली. रानात मांजरांच्या चार टोळ्या आहेत, हद्दीवरून त्यांच्या रक्तबंबाळ लढाया होतात आणि प्रत्येक टोळीत एक वैद्य मांजर असते. खोकल्याला ते एक सुगंधी पाला देते, जखमेवर पिवळ्या फुलझाडाची पाने चघळून लावते, रक्त थांबवायला कोळ्याचे जाळे दाबून धरते, झोप यावी म्हणून खसखशीचे दाणे चारते. या वैद्याने संसार करायचा नाही. हाताखाली एक शिष्य घेऊन त्याला सगळे शिकवायचे. पण मला थांबवले ते वेगळ्याच गोष्टीने. दर अर्धचंद्राच्या रात्री चारही वैरी टोळ्यांचे वैद्य एका ठिकाणी जमतात. टोळ्यांची भांडणे या वैद्यांना लागू नाहीत.

खऱ्या मांजरांना एवढे वैद्यक येत नाही, हे उघड आहे. मांजर हरळी खाते ते पोट बिघडल्यामुळे, असे आपण समजतो. पण धडधाकट मांजरेही ती आवडीने खातात. आपल्याकडे परसात खोकली नावाचे तण उगवते. ते मुळासकट उपटले की मांजरे त्यावर तुटून पडतात, मूळ चघळतात, लोळतात. त्याच तणाला माणसाने खोकल्याचे औषध मानले आणि नावही तसेच ठेवले. चरकसंहितेत म्हटले आहे की, वनस्पतींची नावे आणि रूपे गुराखी, मेंढपाळ आणि रानात राहणारे लोक जाणतात. परंतु ती कशी, कोणाला आणि केव्हा योजावी हे जाणतो तो वैद्य. माणच्या धनगरांना हे वाचून दाखवावे असे मला फार दिवस वाटते. शास्त्राने त्यांच्यापासून शिकायला सांगितले होते, आणि शिकून झाल्यावर त्यांना विसरायला मात्र कोणी सांगितले नव्हते.

लपवणाऱ्यांच्या बाजूनेही बोलण्यासारखे बरेच आहे. सह्याद्रीच्या रानांत नरक्या नावाचे झाड आहे. त्याच्या घाण वासावरून हे नाव पडले. १९६६ साली अमेरिकेत वॉल आणि वाणी या शास्त्रज्ञांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन नावाचे द्रव्य वेगळे केले. तेच द्रव्य आपल्या नरक्यातही असल्याचे १९७२ साली प्रसिद्ध झाले. त्यापासून तयार झालेल्या दोन कर्करोगविरोधी औषधांना १९९६ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. औषधे चांगली, त्यांनी माणसे वाचवली. पण आपल्या रानात काय घडले? नाव फुटले, आणि कुऱ्हाडी आल्या. पोत्यांनी लाकूड घाट उतरू लागले आणि झाड दुर्मिळ होऊन बसले. नाव सांगितले की गुण जातो, हे इथे शब्दशः खरे ठरले. गुणच काय, झाडही गेले.

आता दुसरी बाजू सांगलीच्या हळदीने मांडली आहे. १९९५ साली अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यक केंद्राला हळदीने जखम भरून येते या 'शोधा'बद्दल पेटंट मिळाले. ज्या जिल्ह्यात हळदीची पेवे जमिनीखाली भरलेली असत, तिथल्या म्हाताऱ्यांना हे सांगितले तर त्यांना ती थट्टाच वाटावी. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने ते पेटंट लढवले आणि १९९७ साली ते रद्द करविले. लढाई जिंकली कशाने? हळदीचा हा गुण आधीच लिहिलेला होता म्हणून. जुने संस्कृत ग्रंथ पुढे ठेवले गेले, तसाच १९५३ सालचा एका भारतीय वैद्यकीय मासिकातला लेखही. कोणीतरी तो गुण मुठीत झाकून ठेवला असता, तर तो चोरीला गेला आहे हे सिद्ध तरी कसे करणार होतो? 'आर्यभिषक्' लिहून शंकर दाजीशास्त्री पदे यांनी घरोघरी औषधांची नावे पोचवली. त्याने कोणत्या वनस्पतीचा गुण उणावला, असे ऐकिवात नाही.

दगडीपाल्याचेच पाहा ना. शेतात खुरपे लागले की हा पाला चुरगळून जखमेवर दाबतात. सातारा-सांगलीच्या कोणत्याही पोराला ते ठाऊक असते. हे तण मूळचे अमेरिकेतले. ते इथे आले, कोणीतरी पहिल्यांदा जखमेवर लावून पाहिले, शेजाऱ्याला सांगितले. तो पहिला माणूस गप्प बसता तर?

म्हणून मला वाटते, व्यापाऱ्यापासून लपवणे आणि रोग्यापासून लपवणे या दोन गोष्टी आपण एकाच गाठोड्यात बांधून ठेवल्या आहेत. झाड कोणत्या दरीत आहे हे सांगू नका. कोणी विचारलेच तर चुकीची वाट दाखवा, मी त्याला खोटेपणा म्हणणार नाही. पण जे रोग्याच्या पोटात जाते त्याचे नाव आणि प्रमाण रोग्याला कळायलाच हवे. हा नुसता हक्काचा वाद नव्हे. पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. साहजिकच औषध देणाऱ्याला यश येत राहते, आणि तो लबाड असतो असेही नाही. शेकडो माणसे बरी झालेली त्याने डोळ्यांनी पाहिलेली असतात. अशा वेळी आठवा महिना लागलेली एखादी सून बैलगाडीतून नाही, तर आता मोटारसायकलवर बसून त्याच्या दारी येते. 'ई' प्रकारची कावीळ शेवटच्या तिमाहीत झाली, तर शेकडा वीस-पंचवीसपर्यंत बायका दगावतात. तिला थेट इस्पितळात नेण्याचा दिवस त्या ताकाच्या पेल्यात जातो. पुढे डॉक्टर विचारतात, काय घेतले होते? घरचे एकमेकांकडे पाहतात. कोणालाच ठाऊक नसते. तिथे गुण कोणाचा टिकला?

त्या औषध देणाऱ्याचा मुलगा पिंपरी-चिंचवडला कारखान्यात असतो. त्याला मुळी ओळखता येत नाही आणि शिकायला सवडही नाही. मांजरांच्या गोष्टीत शिष्य न मिळणे हे टोळीवरचे संकट मानतात. आपल्याकडे ती एका घरची खासगी बाब समजली जाते. माधव गाडगीळ यांनी ज्या कल्पनेचा पाठपुरावा केला, ती लोकजैवविविधता नोंदवही २००२ सालच्या कायद्याने गावोगावी ठेवायची आहे. आपल्या ग्रामपंचायतीत ती कुठे आहे, कोणी भरली, औषधाच्या मुळ्यांची पाने तिच्यात कोरी आहेत की काय, हे सुटीत गावी गेल्यावर एकदा विचारून पाहावे. आणि फराळाचे ताट घेऊन त्या म्हाताऱ्याकडेही जावे. नाव विचारण्याची घाई करू नये. आधी त्याच्याबरोबर रानात जाऊन यावे.