लोकांचें मन ओळखणारा सेवक

(शास्त्रपाठ: १ राजे १२:१-२०)



शलमोन राजाच्या मृत्यूनंतर, ख्रिस्तपूर्व ९३० च्या सुमारास, इस्राएल लोक शखेमांत जमले. त्यांचें मागणें एवढेंच होतें कीं, बापानें लादलेलें कठीण कामाचें ओझें पुत्रानें हलकें करावें. रहबाम तेव्हां ४१ वर्षांचा होता. अजाण पोर नव्हता. त्यानें तीन दिवसांची मुदत घेतली, हेंही बरें केलें. वृद्ध मंत्र्यांनीं त्यास लोकांचा सेवक होऊन गोड बोलण्याचा सल्ला दिला. परंतु त्यानें आपल्या सोबत्यांचें ऐकून ओझें वाढविण्याची धमकी दिली. लोक चिडून गेल्यावर त्यानें त्यांच्याकडे कोणास पाठविलें? वेठीवरल्या अंमलदारास, अदोरामास! लोकांनीं त्यास दगडमार करून ठार केलें, आणि राजा रथांत बसून यरुशलेमास पळाला. दहा वंश त्याच्या हातून गेले.

त्याचें काय चुकलें? लोकांचे शब्द त्याच्या कानीं पडले, पण त्यांची थकलेली पाठ त्यास दिसली नाहीं. आपला अभिमानही त्यास दिसला नाहीं. आपलें मन ओळखून आवरणें व दुसऱ्याचें मन जाणणें, यासच हल्लींचे विद्वान भावनिक बुद्धिमत्ता म्हणतात. कोठें दुखतें हें ठाऊक नसतां सेवा कशी करावी?

तरी मन जाणणें एवढेंच पुरे नाहीं. रहबामाचा चुलता अबशालोम वेशीजवळ उभा राहून लोकांचीं गाऱ्हाणीं ऐके व त्यांचें चुंबन घेई. त्यास लोकांचें मन उत्तम कळे. पण त्या ज्ञानाचा उपयोग त्यानें राज्य बळकावण्यास केला. प्रभु येशूच्या ठायीं मात्र दोन्ही गोष्टी एकत्र होत्या. कोण आपणांस धरून देणार हें जाणूनही त्यानें कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले (योहान १३).

उपदेशकांनो व मंडळीच्या वडिलांनो, एखादें घर उपासनेस येईनासें झालें, तर निरोप धाडूं नका, स्वतः जा. ज्याच्या बोलण्यानें तें घर दुखावलें, त्यासच समजूत घालण्यास पाठवूं नका. ओट्यावर बसा, त्यांचें म्हणणें शेवटपर्यंत ऐका, आणि राग आला तर उत्तर उद्यांवर ठेवा. मग जें ओझें तुमच्या हातून हलकें होण्याजोगें असेल, तें त्याच दिवशीं उचला. प्रभु आपणां सर्वांस असें मन देवो. आमेन.