अकरा महिने संपल्यावर

‘लहान गावात भाडेकायदा कशाला? मालक-भाडेकरू एकमेकांना ओळखतात, बसून ठरवतात.’ हा दावा हल्ली जाणती माणसंही करतात. 2021 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केल्यापासून त्याला जोर चढला आहे. त्या मसुद्यात भाडेवाढीला कमाल मर्यादा नाही. मालकाने तीन महिने आधी लेखी कळवायचं. भाडेकरूने जागा सोडत असल्याचं कळवलं नाही, तर वाढ त्याला मान्य आहे असं धरायचं. असा दावा करणाऱ्यांनी एकदा सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडच्या पेठेत करार कसा होतो ते पाहावं.

बाँडवर अकरा महिन्यांचा मजकूर, नोटरीचा शिक्का, अनामत रोख. फरशी, माळा, वायरिंग, पाटी हे सगळं भाडेकरूच्या पैशाचं. मार्गशीर्षात सिद्धनाथाच्या रथयात्रेला गावात पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवसांसाठी कापडवाला उधारीवर माल भरतो. करार यात्रेच्या तोंडावर संपत असला, की मालक म्हणेल तो आकडा त्याला कबूल करावा लागतो. टेलरला मशीन उचलून नेता येईल, बसलेलं गिऱ्हाईक कसं नेणार? त्या गाळ्याला भाव आला त्यात त्याचीही वर्षं गेलेली असतात, आणि तोच भाव त्याच्याकडून वसूल होतो.

1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून लागू आहे. त्याच्या कलम 11 प्रमाणे भाडं वर्षाला 4 टक्के वाढवता येतं. 3000 रुपयांवर 120. पण हे कायद्याच्या अर्थाने भाडेकरू असलेल्यासाठी. अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवाल्याला, म्हणजे जागा वापरायचा नुसता परवाना असलेल्याला, मुदतीनंतर नव्या करारात नवा दर. राहत्या घराचा परवाना संपूनही तो राहिला, तर कलम 24 खाली दुप्पट रक्कम. मर्यादा कायद्यात आहे, तिच्यापर्यंत पोचायचा रस्ता मात्र अकराव्या महिन्याला संपतो.

त्याच कायद्याचं कलम 55 फार थोड्यांना ठाऊक असतं. करार नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही, तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य. पण रोज दुकान उघडावं लागणारा माणूस कोर्टाच्या तारखा कधी करणार?

मग 1947 चा मुंबई भाडेकायदा परत आणायचा? मुळीच नाही. त्याने भाडं 1 सप्टेंबर 1940 च्या आकड्यावर गोठवलं. डिसेंबर 1997 मध्ये, मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने त्या तरतुदी काळाच्या ओघात मनमानी ठरल्याचं म्हटलं, आणि ते बरोबरच होतं. म्हसवडमध्ये गाळ्याचा मालक म्हणजे पुष्कळदा त्या भाड्यावर घर चालवणारी म्हातारी विधवा असते. तिचं उत्पन्न गोठवून न्याय होत नाही. म्हणून टक्क्यावर भांडण्यात मला आता फारसा अर्थ दिसत नाही. भांडण नूतनीकरणाच्या हक्काचं आहे.

इथे मला आयर्लंड आठवतो. तिथल्या कुळांनी तीन गोष्टी मागितल्या: रास्त खंड, तो भरतोय तोवर जमिनीवर राहण्याची हमी, आणि आपला हक्क विकण्याची मुभा. ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या 1881 च्या कायद्याने खंड ठरवण्याचं काम जमीनदाराच्या मर्जीतून काढून न्यायाधिकरणाकडे दिलं. आपल्याकडे 1948 चा कूळकायदा त्याहून पुढे गेला. 1 एप्रिल 1957 ला कसणाऱ्याला मालक मानलं. त्या कुळांना कोणी ‘बसून ठरवा’ असं सांगितलं नाही, कारण बसणाऱ्या दोघांत एकाच्या हातात जमीन होती. पेठेत गाळा एकाच्याच हातात आहे. गाळेवाल्याला मालकी नको. आयरिश कुळांच्या पहिल्या दोन मागण्या पुरेत.

भाडं वेळेवर देणाऱ्याला नूतनीकरणात पहिला हक्क असावा. वाढ पहिल्याच करारात महागाईशी बांधून लिहावी. मालकाला जागा खरोखर स्वतःसाठी हवी असेल तर ती मिळावी, पण सहा महिन्यांची नोटीस देऊन आणि फरशी-माळ्याचे पैसे चुकते करून. नगरपालिकांच्या गाळ्यांना तर 1999 चा कायदा लागूच होत नाही. तो स्थानिक संस्थांच्या मिळकती वगळतो. तिथल्या गाळेधारकांसाठी ही तरतूद राज्याने नगरपरिषद अधिनियमातच करावी, आणि त्यासाठीचा पहिला ठराव म्हसवड नगरपरिषदेने पाठवावा.