तिसरे उत्तर

20 जुलै 2016 रोजी ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ हे प्रोग्रामरांचे संकेतस्थळ 34 मिनिटे बंद पडले. कोणाच्या तरी मजकुरात सुमारे 20,000 रिकाम्या जागा सलग आल्या होत्या, एवढेच निमित्त. कडेच्या रिकाम्या जागा छाटणारे एक छोटेसे रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरात काय शोधायचे हे सांगणारा पॅटर्न, त्या मजकुरावर चालले. रिकाम्या जागा संपल्यावर मजकुराचा शेवट येण्याऐवजी दुसरेच अक्षर आले. म्हणून पॅटर्न जुळवणारे इंजिन पहिल्या जागेपासून 20,000 पावले चालून फसले, मग दुसऱ्या जागेपासून 19,999, मग तिसरीपासून. ही बेरीज 20 कोटींच्या घरात जाते. पॅटर्न चुकीचा नव्हता. पुरेसा वेळ मिळाला असता तर त्याने बरोबर उत्तर दिले असते, आणि नेमके हेच मला महत्त्वाचे वाटते. बरोबर असणे आणि परवडणे या दोन वेगळ्या कसोट्या आहेत. दुसरी कसोटी लावायची जबाबदारी बहुतेक वेळा कोणीच घेत नाही.

असे पॅटर्न जुळवणाऱ्या बहुतेक लायब्रऱ्या बॅकट्रॅकिंग करतात. एका गल्लीत पत्ता लागला नाही की नाक्यावर परत यायचे आणि दुसरी गल्ली धरायची. एकात एक गुंतलेल्या पुनरावृत्ती असल्या, तर मजकुरात एकेक अक्षर वाढताच वाटा दुप्पट होऊ शकतात. फिलिप हेझल यांनी 1997 मध्ये सुरू केलेली पीसीआरई ही लायब्ररी यासाठी श्रमांना मर्यादा घालते. एका शोधात आतली तुलना किती वेळा करायची याचा तिचा मूळ आकडा एक कोटी आहे. पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेने तो 10 लाखांवर आणला आहे.

इथे खरा प्रश्न उभा राहतो. मर्यादा संपली, मग सांगायचे काय? ‘सापडले’ आणि ‘सापडले नाही’ ही दोन उत्तरे आपल्याला माहीत असतात. तिसरे उत्तर आहे ‘मला ठरवता आले नाही’. पीएचपी ते देते. न सापडल्यास शून्य, मर्यादा ओलांडल्यास ‘फॉल्स’. पण अटीत वापरताना शून्य आणि ‘फॉल्स’ दोन्ही नकारार्थीच धरले जातात. आता कल्पना करा, पॅटर्न एका सुरक्षा-गाळणीत आहे आणि प्रश्न आहे ‘यात घातक काही आहे का?’ घुसखोर आपल्या मजकुराला मुद्दाम अशी लांबण लावतो की इंजिन थकते. ‘ठरवता आले नाही’चे ‘घातक काही नाही’ होते आणि दार उघडते. सर्व्हर वाचावा म्हणून घातलेली मर्यादाच आत शिरायची वाट होऊन बसते. म्हणून लायब्ररीचे मोल मी तिच्या मर्यादेच्या आकड्यावरून करत नाही. हे तिसरे उत्तर ती किती ठळकपणे देते आणि वापरणाऱ्याला त्याकडे कानाडोळा करणे किती अवघड करते, यावरून करतो.

मर्यादा वेळेत मोजावी की पावलांत? डॉटनेट या प्रोग्रामिंग-मंचावर 2012 पासून वेळेची मर्यादा घालता येते. व्यवहारात ती सोयीची आहे. पण तोच पॅटर्न, तोच मजकूर रात्री उत्तर देतो आणि दुपारच्या गर्दीत हार मानतो, हे मला पटत नाही. पावलांची मर्यादा प्रत्येक यंत्रावर त्याच जागी थांबते. अशी चूक पुन्हा घडवून तपासता येते.

दुसरा मार्ग जुना आहे. केन थॉम्पसन यांनी 1968 मध्येच दाखवले होते की सगळ्या शक्य वाटा एकाच वेळी चालत गेल्यास मागे फिरावेच लागत नाही. गूगलच्या रस कॉक्स यांनी 2010 मध्ये खुली केलेली आरई2 ही लायब्ररी याच विचारावर उभी आहे. ती श्रमांऐवजी भाषेलाच मर्यादा घालते. आधी सापडलेला तुकडा पुढे पुन्हा जुळवण्याची सोय तिच्यात नाही, पुनरावृत्तीचा आकडा हजाराच्या वर जाऊ देत नाही, आणि पॅटर्न मेमरीत मावणार नसेल तर शोध सुरू होण्याआधीच नकार देते. अनोळखी लोकांचा मजकूर किंवा पॅटर्न घेणाऱ्या सेवेसाठी मला हाच मार्ग योग्य वाटतो. 2 जुलै 2019 रोजी क्लाउडफ्लेअर या इंटरनेट-सेवा कंपनीच्या फायरवॉलमधल्या एका पॅटर्नने जगभरचे तिचे प्रोसेसर 27 मिनिटे अडकवले. अशा वेळी आवर घालणारी तरतूद आधी होती, पण काही आठवड्यांपूर्वीच्या बदलात ती चुकून निघून गेली होती. भाषेतच घातलेली मर्यादा अशी सहजासहजी निघून जात नाही.

आकाराच्या मर्यादेत मात्र मराठी माणसाने विशेष लक्ष घालावे. ‘शब्दातले कोणतेही अक्षर’ या अर्थाची खूण इंग्रजीपुरती घेतली तर तिच्यात 63 चिन्हे येतात. युनिकोडप्रमाणे घेतली तर लाखाहून अधिक. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या रेग्युलर एक्स्प्रेशन लायब्ररीत युनिकोड हाच मूळ अर्थ आहे. त्यामुळे दिसायला दोन चिन्हांची ही खूण आत हजारो बाइट्स व्यापते, आणि तिची मोठी पुनरावृत्ती मागितली की 10 एमबीची ठरलेली मर्यादा जवळ येते. हा विस्तार रास्त आहे, कारण त्यामुळेच आपली अक्षरे अक्षरांत गणली जातात. त्याची किंमत टाळण्यासाठी पॅटर्न इंग्रजीपुरता करून टाकणे हा उपाय मला मान्य नाही. खटकते ती शोधाआधी मजकुरावर बाइट्समध्ये घातलेली मर्यादा. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट्स घेते. 200 बाइट्सची चौकट इंग्रजीला 200 अक्षरे देते, मराठीला 66 चिन्हे. आणि एकट्या ‘क्षि’मध्ये चार चिन्हे, म्हणजे 12 बाइट्स खर्ची पडतात. चौकटीचा आकडा ठरवणाऱ्याने तो कशात मोजला हे आधी सांगावे, आणि मराठीचा एक परिच्छेद त्यात घालून पाहावा.